मिहिकाची आधारव्यक्ती

शाळेतून फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. समोर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या आणि पलीकडून ढगे मॅडम म्हणत होत्या, "घाबरू नका हं, काही झालेलं नाही." हे वाक्य ऐकून न घाबरलेली आई मी अजून पाहिलेली नाही.

"मिहिका बरी आहे ना?"

"बरी आहे, वर्गात बसलीय. तुम्हाला उद्या यायला जमेल का? तिच्या आधारव्यक्तीचं नक्की झालंय."

"मग त्यासाठी यायचं कशाला? मीच असणार ना."

त्या जरा थांबल्या. "या तुम्ही. समोरासमोर बोलू."

ढगे मॅडम मिहिकाच्या शाळेतल्या समुपदेशक. आमच्या लहानपणी शाळेत पीटीचे सर असायचे, चित्रकलेच्या बाई असायच्या, पण मुलांच्या मनाकडे बघायला वेगळं माणूस नसायचं. मधल्या काही वर्षांत इतकी मुलं हातची गेली, की आता प्रत्येक शाळेत 'सोबत कक्ष' असतो आणि पहिलीपासून प्रत्येक मुलाच्या मनगटावर नाडीपट्टी. मुलं तिच्यावर स्केचपेनने मिश्या काढतात, अदलाबदल करायचा प्रयत्न करतात. पट्टी मात्र आपलं काम करत राहते. ज्यांच्या नोंदी घसरत जातात त्यांची नावं ढगे मॅडमकडे येतात. शाळा त्यांना 'जपायची मुलं' म्हणते.

मिहिका त्यांतली. सहावीत आहे. घरी मोजकं बोलते आणि शाळेत अजिबात नाही. मागच्या वर्षी तिचे बाबा, सौरभ, गेले. तेव्हापासून.

जपायच्या मुलासाठी शाळा आधारव्यक्ती शोधते. घरातल्या, जवळच्या मोठ्या माणसांनाही महिनाभर पट्टी घालायला देतात आणि मूल कोणाजवळ सर्वांत निवांत होतं ते बघतात. शाळेच्या फाटकापाशी आम्हा आयांना दुसरा विषय नसे. "आमच्याकडे सासूबाई आणि मी दोघी नापास, बोका पहिला आला," असं एकजण सांगायची आणि सगळ्या हसायच्या. आमच्या इमारतीत एका घरी आईऐवजी बाबा निघाले, तर त्या माउलीने नवऱ्याशी कितीतरी दिवस अबोला धरला. लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर नाड्याही जुळवून बघणारी घरं निघाली होती. मीही हसायचे. माझ्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती. मिहिकाला माझ्याशिवाय होतं कोण?

दुसऱ्या दिवशी ढगे मॅडमनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. एक निळी, एक केशरी.

"निळी मिहिका. केशरी तिची आत्या."

मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची फाईल उघडली.

"पूनमताई?" मी म्हटलं. "मॅडम, त्या बाईने गेल्या शनिवारी माझ्या मुलीला दुपारच्या जेवणात आइस्क्रीम दिलं."

"असेल."

"केस विंचरत नाही तिचे. तिच्या घरात तीन मोबाइल वाजत असतात, टीव्ही चालू असतो, गिऱ्हाइकं येत असतात. मला शनिवारी प्रयोगशाळेत यावं लागतं म्हणून नाइलाजाने पाठवते मी तिच्याकडे."

"आठवडाभरात मिहिका त्या शनिवारीच काय तो मोकळा श्वास सोडते," ढगे मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मी एम.एस्सी. झालेली आहे, रोज उपकरणांशी काम करते, त्यामुळे त्यांनी मला फसवायचा किंवा गोंजारायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आपल्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वास आत घेताना दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं कमी होतं, सोडताना वाढतं. निवांत माणसात हे झुलणं ऐसपैस असतं आणि धास्तावलेल्या माणसात आखडतं. एका छताखाली राहणाऱ्यांची झुलणी नकळत एकमेकांना धरून चालतात. हे पूर्वीही माहीत होतं. नाडीपट्टीला त्याच्यापुढचं कळतं, कोणाचं आधी बदलतं आणि कोणाचं मागून.

"सतारीला खाली तरफेच्या तारा असतात बघा," त्या म्हणाल्या. "त्यांना बोट लागत नाही, पण वरची तार छेडली की त्या आपोआप बोलतात."

"सतारींच्या मिरजेत राहून हे मला सांगताय, मॅडम?"

"मिहिका तुमची तरफ आहे, ते सांगतेय." त्यांनी पडदा पुढे सरकवला. आता निळ्या रेषेबरोबर एक जांभळी रेष होती. ती मी. "हे बघा. तुम्ही दचकता, मागोमाग ती दचकते. तुम्ही फोन घेता, तिचं आखडतं. तुम्ही तिच्या डब्यात डोकावून किती उरलंय बघता, तिचं आखडतं. आणि हे, पहाटेचं. तुम्ही बहुतेक तिच्या खोलीत जाता."

"श्वास चालू आहे का बघायला जाते." बोलून गेल्यावर मला ते कसं ऐकू येतं हे कळलं. "सौरभ झोपेतच बेशुद्ध पडले होते. मेंदूत रक्तस्राव झाला. मला वाटलं घोरतायत."

ढगे मॅडमनी पडदा बंद केला.

"ती झोपेत असते, तरी?" मी विचारलं.

"झोपेत असते, तरी."

त्यांचं म्हणणं होतं की एक सत्र मिहिकाला आत्याकडे राहू द्यावं. शाळा हीच, दप्तर हेच, फक्त घर ते. मी फोन करू शकते, पण सुरुवातीला भेट नको. सक्ती नव्हती, संमती माझीच लागणार होती. मी म्हटलं, तुम्ही माझं मूल माझ्यापासून काढून घेताय. मी म्हटलं, बाप गेलेल्या पोरीला आईपासून तोडायचं हे कुठलं शास्त्र? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग इतक्या हळू आवाजात बोलल्या, की मला पुढे झुकावं लागलं.

"ऋतुजाताई, तिची रेष आता अशा ठिकाणी आलीय, की तिथून पुढे मुलं फार पटकन घसरतात. काही वेळा आपल्याला कळायच्या आत. मी हे दोनदा पाहिलंय. तिसऱ्यांदा बघायचं नाही मला."

मी फेरतपासणी मागितली. त्या लगेच हो म्हणाल्या. "तुम्ही दोघी सोबत कक्षात बसा. घरातलं काहीतरी काम घेऊन या, नेहमी करता तसलं. बघू या."

तिथून मी सरळ पूनमताईच्या पार्लरमध्ये गेले. पूनमताई सौरभची मोठी बहीण. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मिरज स्टेशनजवळ तिने दोन खोल्या घेतल्या. पुढे पार्लर, मागे घर. मी आत गेले तेव्हा तिच्या दातांत दोरा होता आणि खुर्चीत एक बाई डोळे मिटून बसली होती.

"बश गं," ती दोऱ्याआडून म्हणाली. "हिची एक भुवई राहिलीय. अर्धी सोडली तर नवरा घरात घ्यायचा नाही."

"घेणारच नाही तो तसाही," खुर्चीतली बाई म्हणाली.

ती गेल्यावर मी सांगितलं. सांगताना माझा आवाज तक्रार करावी तसा लागला असावा, कारण पूनमताई आधी म्हणाली, "मी काय केलं आता?" आणि मग तिला कळलं.

"मी?" ती म्हणाली. "अगं, गॅस बंद केला की नाही ते मला आठवत नाही. परवा तुझ्या लेकीनेच बंद केला. मशीन बिघडलंय ते."

"बिघडलेलं नाही."

ती खुर्चीत बसली, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत, आणि रडायला लागली. पूनमताईला रडायला वेळ लागत नाही, आडोसाही लागत नाही. दार उघडं होतं, रस्त्यावरून माणसं जात होती. "माझ्या भावाची पोर," ती म्हणत राहिली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "तू नको म्हण, मी नाही नेणार. तिची आई तू आहेस. पण ऋतुजा, माझ्यावरच्या रागापायी नको म्हणू नकोस."

राग होता. तो सगळ्या घराला ठाऊक होता.

सौरभ गेले त्या दिवशी मिहिकाची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. पहाटे दवाखान्यात सगळं संपलं. कागदपत्रं होऊन त्यांना घरी आणायला दुपार होणार होती. थोरल्या भाऊजींनी स्वयंपाकघरात आम्हा सगळ्यांना जमवलं आणि म्हणाले, "पोरीची वर्षभराची मेहनत आहे. पेपर होऊ दे. सौरभलाही हेच आवडलं असतं. तोवर तिच्या कानावर जाता कामा नये." सासूबाईंनी तोंडात पदर कोंबून मान हलवली. माझ्या आईनेही. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्यासारख्या घरांत परीक्षा म्हणजे परीक्षा.

मी मिहिकाला उठवलं. तिच्या दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. पेन्सिलींना टोक केलं. तळहातावर दही-साखर ठेवली. तिने विचारलं, बाबा? मी म्हटलं, लवकर कामावर गेलेत, तुला ऑल द बेस्ट सांगितलंय. माझा हात कापला नाही, आवाज कापला नाही. मला आतून काहीच जाणवत नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, धक्क्यात असं होतं. नातेवाईक म्हणाले, कमाल आहे बाई या पोरीची, केवढी शांत राहिली. मिहिका हसत हसत पेपरला गेली.

पेपर सुटल्यावर तिला घरी आणायचं, जवळ घ्यायचं आणि मी हळूच सांगायचं, असं ठरलं होतं. पण पूनमताई कोणालाही न विचारता शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. केस सुटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मिहिका बाहेर येताच शेकडो पालकांसमोर तिने तिला कवटाळलं आणि हंबरडा फोडला, "तुझा बाबा गेला गं!" त्या गर्दीत, त्या रस्त्यावर माझ्या मुलीला ते कळलं. यासाठी मी पूनमताईला माफ केलं नव्हतं. घरातल्या कोणीच केलं नव्हतं.

मिहिकाला त्या परीक्षेत शिष्यवृत्ती मिळाली. तिचा फोटो शाळेच्या फलकावर लागला.

फेरतपासणीची मी तयारी केली. परीक्षेची तयारी मला कोणी शिकवायला नको. रोज सकाळी प्राणायाम, संध्याकाळी चहा बंद. तरीही आरशात बघताना गळ्याजवळची शीर उडताना दिसायची. सौरभ गेल्यानंतर माझं हृदय धडधडायचं म्हणून डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली होती, फार झालं तर घ्या म्हणून. ती हृदयाची धावच कमी करते. भीती असली तरी ठोक्यांपर्यंत पोचत नाही. फेरतपासणीच्या दिवशी निघायच्या आधी मी ती घेतली. यात मला चुकीचं काही वाटत नव्हतं. चष्मा लावूनच लोक डोळ्यांची चाचणी देतात की.

सोबत कक्षात सतरंजी होती, खिडकीत एक लाजाळूचं रोप होतं. मी मेथीची जुडी नेली होती. मिहिका आणि मी समोरासमोर बसलो, मध्ये वर्तमानपत्र पसरलं. ढगे मॅडम काचेपलीकडे होत्या.

गोळी लागू पडली होती. कितीतरी महिन्यांनी माझ्या छातीत शांतता होती. मी पानं खुडत होते. मिहिका एकेक पान बोटांत फिरवून बघत होती, देठ वेगळं ठेवत होती. तिच्या वेणीची रिबीन सुटली होती, ती मी पुढे होऊन बांधली. माझा हात स्थिर होता.

"आज संध्याकाळी पराठे करू या?" मी म्हटलं. मी हसले. आवाज मऊ आला, मला हवा तसा. मला वाटलं, बघा म्हणावं, अशीही असते मी.

मिहिकाच्या हातातलं पान तसंच राहिलं. ती माझ्याकडे बघत होती. आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तिचे ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, "काय गं बाळा?" तशाच मऊ आवाजात. ती मागे सरकली, भिंतीला टेकेपर्यंत. आणि ज्या शाळेत तिने वर्षभर एक अक्षर उच्चारलं नव्हतं, त्या शाळेत ती बोलली.

"आई, कोण गेलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही गं."

"खरं सांग." तिला धाप लागली होती. "आजी? मामा? कोण गेलं? आत्या गेली का?"

"कोणी नाही राजा, सगळे बरे आहेत," मी म्हणत होते, आणि जितकं समजावून म्हणत होते तितकी ती अधिक थरथरत होती. कोणी गेलं असतं तरी सगळे बरे आहेत असंच मी सांगणार होते ना, तिच्या हिशेबाने? ती मेथीवरून धावत दाराकडे गेली. ढगे मॅडमनी दार उघडलं आणि तिला पोटाशी धरलं. "आत्याला फोन लावते, थांब. तूच बोल तिच्याशी." लावला. पलीकडून पूनमताईचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "हॅलो? कोण? मिहू? अगं बाई! तू बोलतेयस? आत्ता? शाळेतून?" आणि मग रडणं, हसणं, सगळं एकदम, मागे हेअर ड्रायरचा आवाज. मिहिका भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे मिटून तो गोंधळ ऐकत राहिली. हळूहळू तिचे खांदे खाली आले.

मी सांडलेली पानं गोळा करत होते. दुसरं काय करणार?

मुलांना घरी सोडल्यावर ढगे मॅडमनी मला थांबवून घेतलं.

"गोळी घेतली होती मी," मी म्हटलं.

"कळलं. तुमची रेष इतकी सपाट कधी नसते." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या सकाळी तुम्ही अशाच दिसत होतात का?"

मी मान हलवली.

"शरीर फार पटकन शिकतं," त्या म्हणाल्या. "तिच्या शरीराने त्या दिवशी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. आई शांत होती आणि बाबा मेलेले होते. तेव्हापासून ती तुमच्याकडे बघून अंदाज घेत राहते. तुम्ही घाबरलेल्या दिसलात की तिला वाटतं काहीतरी होणार आहे. शांत दिसलात की तिला वाटतं होऊन गेलं."

"आणि पूनमताई?"

"त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं तेच आत असतं. तिला तिथे अंदाज घ्यावा लागत नाही. फार दमलीय ती, ऋतुजाताई. अकरा वर्षांचं मूल किती वेळ पहारा करणार?"

पहारा तर मी करत होते. वर्षभर मला वाटत होतं की आमच्या घरात पहारा करणारी मी एकटीच आहे.

"मी शिकेन," मी म्हटलं. "तुम्ही शिकवा. जसं म्हणाल तसं वागेन."

"शिकालच. पण ते तिच्यासमोर, तिच्यावर शिकता येणार नाही. तेवढी उसंत नाही तिच्याकडे."

मी संमती दिली.

घरी येऊन मी मिहिकाला सगळं सांगितलं. यावेळी कोणाशी सल्लामसलत केली नाही, कसं सांगायचं ते ठरवलं नाही. म्हटलं, शाळा म्हणतेय तू काही महिने आत्याकडे राहावंस, कारण माझ्याजवळ तुला त्रास होतो. सांगताना माझा आवाज फाटला आणि मी तो सावरला नाही.

ती पाटीवर बोट फिरवावं तसं टेबलावर बोट फिरवत बसली. "तुला राग आलाय?"

"नाही."

तिने वर बघितलं.

"आलाय," मी म्हटलं. "आत्याचा आलाय. मशीनचा आलाय. माझा स्वतःचा सगळ्यांत जास्त. तुझा नाही आलेला."

"मी आत्याकडे असताना तुला काही झालं तर?" तिने विचारलं. "मला कोण सांगेल?"

"आत्या सांगेल."

"लगेच?"

"लगेच. मधल्या सुट्टीपर्यंतसुद्धा थांबणार नाही ती. तुला माहितीय ना आत्या."

ती किंचित हसली. मग म्हणाली, "तू पण सांगायचं. फोनवर. कशी आहेस ते. छान आहे असं नाही म्हणायचं."

"बरं."

"छान असलीस तरच म्हणायचं."

रविवारी पूनमताई स्कूटर घेऊन आली. मी मिहिकाचे कपडे, औषधं, तिची आवडती उशी सगळं बांधून ठेवलं होतं. कशाबरोबर काय खायला द्यायचं, काय सोसत नाही, झोपताना कुठला दिवा लागतो, हे सांगायला तोंड उघडलं, तर पूनमताई म्हणाली, "सांग, सांग, मी विसरणार आहे, पण तू सांग." मिहिका फिसकन हसली. मला हसू आलं नाही. पण मी सांगायचंही थांबवलं.

मिहिका मागे बसली. तिने आत्याच्या पाठीला गाल टेकला, पूर्ण वजन टाकून, तान्ही असताना माझ्या खांद्यावर टाकायची तसं. माझ्याजवळ ती असं कधीपासून टेकली नव्हती ते मला आठवेना. स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली. शेजारच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "आत्याकडे का सुट्टीला?" मी म्हटलं, "नाही. राहायला."

त्या सत्रात मी ढगे मॅडमकडे जाऊ लागले. सोबत कक्षात मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसायचं आणि सौरभबद्दल बोलायचं. सुरुवातीला मी त्यांच्या आजाराबद्दल बोलायचे, दवाखान्याबद्दल, कुठली लक्षणं आपल्या लक्षात यायला हवी होती त्याबद्दल. खूप आठवड्यांनी एकदा मी म्हटलं की ते चुकीच्या सुरात शीळ घालायचे आणि मला त्याचा वैताग यायचा. मग मी त्या बुटक्या खुर्चीत इतकी रडले, की शिपाई मावशींनी दार लोटून घेतलं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ढगे मॅडमचा फोन आला. या वेळी घाबरू नका म्हणाल्या नाहीत.

"आज हजेरीला मिहिकाने 'हजर' म्हटलं," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. वर्गशिक्षिका पुढचं नाव घ्यायचं विसरल्या."

मला प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसावं लागलं. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मधल्या सुट्टीत ती एका मुलीशी भांडलीसुद्धा म्हणे, डबा सांडला म्हणून. "अगदी व्यवस्थित भांडली," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो.

"म्हणजे दिवाळीला घरी आणू मी तिला?"

पुन्हा ती शांतता. आता मला ती ओळखता येत होती.

"रेष वर येतेय," त्या म्हणाल्या. "तिथे आहे म्हणून येतेय. मध्येच हलवली तर काय होईल मला सांगता येत नाही. मला वाटतं पुढचं सत्रही तिथेच ठेवू या. तुमचं काय मत?"

मुलगी बरी होत होती. माझ्यावाचून बरी होत होती, आणि जितकी बरी होणार तितकं तिला माझ्यापासून दूर ठेवणं शहाणपणाचं ठरणार. यात कुठे बोट ठेवावं असं काही नव्हतं. मी रोज अशीच आकडेमोड करते. पाणी शुद्ध होत असेल तर गाळणी काढायची नसते.

"ठेवा," मी म्हटलं.

संध्याकाळी मिहिकाचा फोन आला, रोज येतो तसा. मागे फोडणीचा आवाज होता, पूनमताई कोणाला तरी "अगं मेंदी अशी धुवायची नसते!" म्हणून ओरडत होती.

"आई, कशी आहेस?"

छान आहे, हे जिभेवर आलं होतं. आज तर ते निम्मं खरंही होतं. 'हजर' ऐकून मी दुपारभर कामात दोनदा चुकले होते.

"वाईट आहे आज," मी म्हटलं. "तू वर्गात बोललीस त्याचा खूप आनंद झालाय. आणि तू दिवाळीला घरी नसणार म्हणून मला फार रडू येतंय. दोन्ही आहे."

पलीकडे ती श्वास घेताना ऐकू आली. मी वाट बघत राहिले. डोळ्यांसमोर निळी रेष आखडत चाललेली मला दिसत होती.

"आत्या, माझी पट्टी बघ ना," तिने तिकडे तोंड करून म्हटलं. जरा खुडबुड झाली. मग ती पुन्हा फोनवर आली. "हिरवी आहे."

"हो?"

"हो. तू रडतेयस का आत्ता?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. समजल्यासारखं, मोठ्या माणसासारखं. तिने थोडा वेळ मला रडू दिलं. मग म्हणाली, "आई, मी जाऊ? डोसे चाललेत. गार होतील."

"जा," मी म्हटलं. "जा बाळा, गरम खा."